तासिकेचं बिल आणि डिजिटल धोरण

विद्यापीठाने डिजिटल अध्ययन-अध्यापन धोरणाचा मसुदा कॉलेजांना पाठवलाय, सूचना शुक्रवारपर्यंत हव्यात. मास्तर त्याची प्रिंट घेऊनच कट्ट्यावर आले. आमच्यात शिकवणारे ते एकटेच. वनस्पतिशास्त्र, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन.

छोट्या सॉफ्टवेअरवाला. त्याने चाळून लगेच निकाल दिला. "मास्तर, यात अवघड काय आहे? ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडल सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि 2021 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सत्रातल्या कोर्सपैकी 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येणाऱ्या कोर्सची मर्यादा 20 वरून 40 टक्के केली. आयआयटीचे प्राध्यापक शिकवताहेत, तेच तुम्ही पुन्हा कशाला रेकॉर्ड करायचं?"

"ते कोर्स बहुतेक इंग्रजीत. माझी मुलं अडली की मराठीत अडतात," मास्तर म्हणाले. "मी व्हिडिओच्या विरोधात नाही रे. खोडाचा आडवा छेद घेताना ब्लेड कसं धरायचं, ते मोबाइलवर शूट करून पाठवलं. पोरं घरी चारचारदा बघून आली आणि प्रॅक्टिकलला पातळ छेद पटापट जमले. पूर्वी निम्मा तास त्यातच जायचा."

"मग करा की अजून!"

"त्या दहा मिनिटांना माझा अख्खा रविवार गेला. तो बिलात कुठे लिहू?"

अण्णांनी कॉलेजच्या ऑफिसात जन्म काढलाय. ते म्हणाले, "तारीख, वर्ग, विषय, तासिका, सही. व्हिडिओचा रकाना नाही. कायम असलेल्यांचंही तेच. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास, वरच्यांना 14, तेही प्रत्यक्ष शिकवण्याचे."

छोट्या तापला. "सगळं पैशावर आणलंत तर काहीच उभं राहणार नाही. लॉकडाऊनमध्ये केलंच ना सगळ्यांनी?"

"केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. पण तेव्हा निभावलं म्हणून आता कायमचं तसंच गृहीत धरायचं का?"

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मला मास्तरांचं पूर्ण पटलं. बावीस पानांच्या मसुद्यात सर्व्हर आहे, स्टुडिओ आहे, ॲप आहे. पण धडा तयार करायला शिक्षकाचे किती तास जातील आणि त्याचं मानधन कोण देईल, यावर एक ओळ नाही. आणि कितीतरी कॉलेजं आज तासिकावाल्यांच्याच जिवावर चालताहेत.

मुद्दा पुढे नेला ताईने. दुकान सांभाळून तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलंय. "ते 1989 ला सुरू झालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणाले, पण नुसतं पुस्तक घरी धाडून थांबले नाहीत. ते पुस्तक एकटीला वाचून कळेल असं मुद्दाम लिहून घेतलेलं. शिवाय रविवारी अभ्यासकेंद्रावर संमंत्रण. तिथे जाऊन विचारता यायचं म्हणून मी टिकले. छोट्या, तुझ्या ॲपवर रात्री अकराला अडलेल्या पोरीने कुणाला विचारायचं?"

"चॅट ठेवू," छोट्या म्हणाला. मग स्वतःच थांबला. "म्हणजे उत्तर द्यायला पुन्हा मास्तरच."

"आणि त्याचाही तास मोजायचा," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी प्रिंट पालथी केली. पहिली सूचना: ई-साहित्य तयार करणं आणि शंकासमाधान तासिकेत धरावं, बिलात रकाना असावा. दुसरी ताईची: रविवारी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब उघडी राहावी, कारण घरात एक फोन आणि तो बापाच्या खिशात. "लॅब उघडणाऱ्या शिपायाचा भत्ताही लिहा," अण्णा म्हणाले. टाइप करून द्यायचं छोट्याने कबूल केलं.