अकरावा दिवस
परवा ठाण्याला नौपाड्यात भाच्याची मुंज झाली. हॉलमध्ये दोघांची डोकी भादरलेली होती, बटूचं आणि बटूच्या मामाचं. कौतुक फक्त बटूचं झालं.

मामा म्हणजे मी. मुंजीच्या अकरा दिवस आधी केस लावून घेतले होते. तारीख ठरवताना मुंज लक्षातच आली नाही, असं ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “मुद्दाम.” विषय संपला.

या शस्त्रक्रियेत डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं एकेक करून उपटतात आणि पुढे रोवतात. भाताची लावणीच म्हणा, फक्त गुडघाभर चिखल नाही. माझी २,४०० रोपं लावली. त्याआधी अख्खं डोकं मशीनने बारीक करतात. मग आठवडाभर पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपायचं आणि सारखा मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांत उतरली, तेव्हा दूधवाल्याने मला ओळखलं नाही. इथवर सगळं घरच्या घरी निभावलं होतं. मग बायको म्हणाली, “वर माळरान आणि खाली झुडूप, कसंतरीच दिसतंय.” म्हणून मिशी काढली. घोळ झाला तो इथे.

मंगलाष्टकांना बटूच्या मागे सैल टोपी घालून उभा राहिलो. ते निभलं. पण मे महिना, हॉलचा एसी फक्त स्टेजवरच्या लोकांसाठी आणि डॉक्टरांनी तर बजावलेलं, घाम येऊ द्यायचा नाही. पंगतीत टोपी काढली.

शेजारच्या पानावर कळव्याचे काका होते. हे बाबांचे आत्येभाऊ. बारशाला उशिरा आणि तेराव्याला वेळेच्या आधी, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मिशीची जागा पाहिली, हातातला मसालेभाताचा घास पानात परत ठेवला आणि डावा हात माझ्या पाठीवर ठेवला.

“किती दिवस झाले रे?”

मला वाटलं, ताईने सांगितलं असणार. “अकरा.”

“अकरा! आणि आम्हाला कळवलं नाहीस?”

“कुणालाच नाही कळवलं, काका. उगाच गाजावाजा कशाला?”

“फार त्रास झाला का?”

“सुरुवातीला इंजेक्शनांचा झाला. नंतर सगळं बधिर. मध्ये तर झोपच लागली.”

“झोपेत!” काकांनी डोळे मिटले. “भाग्य लागतं. कुठे झालं?”

“पाचपाखाडीला. सकाळी आठला नेलं, संध्याकाळी घरी आणलं.”

“घरी आणलं ते बरं केलंत. सगळ्यांना बघायला मिळालं.”

“छे, मी कुणाला बघूच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तर असली सूज होती...”

“तिसऱ्या दिवशी? घरीच?”

“मग कुठे? दहा दिवस जपावं लागतं, काका. आठवड्यानंतर खपल्या पडायला लागतात.”

काकांनी पान पुढे सरकवलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“अरे, ताईचं एक वेळ सोडून दे, ती तीन दिवसांत सुटते. पण तू? दहा दिवसांचं सुतक तुला! ते फिटून चोवीस तास झाले नाहीत, उद्या बारावं, आणि आज तू मामा म्हणून मागे उभा राहतोस? जिलब्या खातोस? वर्षभर थांबता नसतं आलं?”

मला हळूहळू उलगडा व्हायला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, “याच्या पानात जिलबी नाही रे! वाढा, वाढा!” बटूचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, आग्रहाला निघाले होते. काकांनी वळून पाहिलं. आधी चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. पाय सुलटे आहेत याची खात्री झाल्यावर मग वर.

आता माणसाला आनंद व्हावा की नाही? मामेभाऊ जिवंत निघाला! काकांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

“मग डोक्याला काय झालंय?”

“केस लावले.”

“कुणाचे?”

“माझेच.”

“तुझे होते कुठे?”

“मागे.”

“म्हणजे तुझेच केस मागून पुढे आणायला तू पैसे दिलेस?” हे समोरच्या पंगतीला ऐकू गेलं. “किती?”

मी सांगायला नको होतं. चाळीस रुपयाला एक मूळ, हेही सांगायला नको होतं. काकांनी गुणाकार केला आणि उत्तर हॉलभर पोचलं: शहाण्णव हजार.

“आणि पुढचे गेले, तसे हे जाणार नाहीत कशावरून?”

प्रश्न रास्त होता. याचं उत्तर न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी शोधलं. त्यांनी १९५२ साली असं पहिलं रोपण केलं आणि पुढे दाखवून दिलं की केस नव्या जागी लावला तरी गुण मूळ गावचेच ठेवतो. मागचा केस सहसा गळत नाही, म्हणून पुढे आणला तरी टिकतो. नौपाड्यातला माणूस घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला तरी मिसळ खायला मामलेदारलाच येतो, तसंच हे. मी काकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, “घोडबंदरहून यायला दीड तास लागतो.” हे मात्र खरं आहे. त्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली लोकांची वयं गेली. असो.

मग रांगच लागली. एका मावशींनी पर्समधून चष्मा काढून माझ्या कपाळावरच्या ओळी मोजल्या. कुणी विचारलं, वहिनींची हरकत नव्हती का? कुणी सुचवलं, कांद्याचा रस लावायचास. अरे, बाबांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलेली आहेत. काकांची कवळी जिलबीला चिकटलेली मी स्वतः पाहिली. ताई तर महिन्याला केस रंगवते. त्यांना कधी कुणी भाव विचारला? आणि बाबा खरंच गेले असते, तर त्याच पंगतीत मला कुणी आकडा विचारला नसता, उलट स्वतःच्या हाताने वरण वाढलं असतं. मला राग आला तो याचा. अजून आहे.

त्यात पुढचं काही मी कुणाला बोललेलोच नाही. लावलेले हे केस आता काही आठवड्यांत बहुतेक सगळे गळणार. तशी रीतच आहे, मुळं तेवढी आत राहतात. नवे उगवायला तीन-चार महिने, नीट दिसायला वर्ष. म्हणजे गणपतीत आरतीला घरोघरी जाईन, तेव्हा माझ्या डोक्यावर शहाण्णव हजार खर्चून आधीपेक्षा कमी केस असतील. आणि कळव्याला दीड दिवसाचा गणपती असतो, काकांकडेच.

निघताना ते चपला शोधत होते. मी शोधून दिल्या. वाटलं, निदान आता तरी काही बरं बोलतील.

“बाबांना जप,” ते म्हणाले. “आणि पुढेमागे काही झालंच तर फोन कर. तुझ्या डोक्याकडे बघून मी आता काही धरून चालणार नाही.”