ताईने पाठवलेलं ‘लाइव्ह रडार’

भाचा इथेच इंदूरला फ्लाइंग शिकतोय. काल ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: छोट्या विमानातही आता स्क्रीनवर लाइव्ह रडार दिसतं, वादळाच्या लाल डागांमधल्या फटीतून वाट काढायची, मोठ्या विमानांतही हेच असतं, हवामानाचं ब्रीफिंग उरलं नावापुरतं. खाली तिचं वाक्य: ‘आता माझी काळजी मिटली.’ म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

ताई, ते लाइव्ह नसतं. अमेरिकेत ही सोय सगळ्यांत जुनी आहे, तिथलंच सांगतो. जमिनीवरचं रडार वेगवेगळ्या कोनांत फिरून आकाश चाळतं, त्यात काही मिनिटं जातात. मग अनेक रडारांचे तुकडे जोडून एक चित्र तयार होतं आणि ते वर विमानात पाठवतात. स्क्रीनवर चित्राचं वय ‘1 मिनिट’ दिसतं ते चित्र जोडल्यापासूनचं. म्हणजे पोळी ताटात कधी वाढली ते कळतं, तव्यावरून कधी उतरली ते नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, 2012 मध्ये याच गोष्टीवर इशारा काढला: सगळा उशीर एकत्र आला तर खरी माहिती स्क्रीन सांगते त्याहून 15 ते 20 मिनिटं जुनी असू शकते. ताशी 75 किलोमीटरने येणारं वादळ तेवढ्यात 25 किलोमीटर सरकतं. स्क्रीनवर ते इंदूरजवळच्या महूवर असेल आणि प्रत्यक्षात आपल्या गच्चीवर.

त्याच इशाऱ्यात 2010 च्या टेनेसीतल्या रुग्णसेवेच्या हेलिकॉप्टरच्या अपघाताचा दाखला आहे. शेवटच्या चित्रात वादळ तळापासून सुमारे 7 मैलांवर होतं, खरं तर ते तळावर येऊन ठेपलं होतं. पायलट आणि दोन नर्स गेल्या. इथे तर फरक काही मिनिटांचाच होता.

आता ती फट. मेसेजमधला सगळ्यांत घातक सल्ला हाच. तिथली विमान वाहतूक संस्था, एफएए, सांगते की तीव्र गडगडाटी वादळापासून निदान 20 मैल लांब राहा. आणि हा मेसेज दोन डागांच्या मधून जायला सांगतो, तेही शिळ्या चित्रावर! शिवाय रडारला पाऊस दिसतो. ढगाबाहेरचे हवेचे हिसके दिसत नाहीत, धुकं दिसत नाही.

मोठ्या विमानाच्या नाकात स्वतःचं रडार असतं, ते समोरचं तेव्हाच पाहतं. हे आणि ते एक नव्हे. ब्रीफिंगबद्दल काय बोलायचं, मेसेज लिहिणारा माणूस कधी उडालेला दिसत नाही.

एक मात्र कबूल. शंभर मैल आधी ‘तिकडे नको, परत फिरू’ हे ठरवायला ते चित्र झकास आहे. तेवढ्यापुरतं भाच्याने जरूर वापरावं.

त्याला फोन केला तर म्हणाला, ‘मामा, आमच्या शिकायच्या विमानात असली स्क्रीनच नाही. आम्ही खिडकीतून बघतो.’

ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.