इंजिनिअरिंगला ‘आय-७ आणि ग्राफिक्सवाला लॅपटॉपच’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

एमएचटी-सीईटी या इंजिनिअरिंगच्या राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या, की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक सल्ला दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचे शब्द बदलतात, पण आशय बदलत नाही. डेस्कटॉपचा जमाना संपला. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला रोज वर्गात लॅपटॉप न्यावा लागतो. पुढे सॉफ्टवेअर जड असल्याने तो आय-७ प्रोसेसरचा आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचाच (चित्रे आणि त्रिमितीय दृश्ये उमटवणाऱ्या वेगळ्या भागाचा) हवा. मॉनिटर, यूपीएस वगैरे जोडल्यावर डेस्कटॉप काही स्वस्त पडत नाही. वीज गेली की तो निरुपयोगी होतो. आणि प्रवेश मिळताच खरेदी उरकून टाकावी, म्हणजे मूल पहिल्या दिवसापासून मागे पडणार नाही. यातली दोन विधाने अंशतः खरी आहेत आणि ती तशी मान्य करायला हवीत. परंतु विद्यार्थी चार वर्षे कुठे राहणार आणि कोणत्या टेबलाशी बसून काम करणार, हा ज्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे तो प्रश्न या सल्ल्यात विचारलेलाच नाही. घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलासाठी डेस्कटॉप आजही अधिक शहाणपणाची खरेदी ठरू शकतो. बाहेरगावी राहणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा, मात्र तो स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमिंगचा, असण्याचे कारण क्वचितच असते.

रोज लॅपटॉप न्यावा लागतो, या दाव्यापासून सुरुवात करू. पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक शाखांना सामाईक असतात: गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे आणि सी किंवा पायथनमधले प्रोग्रॅमिंग. तासाला फळा आणि वही लागते, प्रॅक्टिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, आणि जर्नल अजूनही अनेक ठिकाणी हातानेच लिहून घेतात. त्या प्रयोगशाळांमधले संगणक जवळजवळ सर्वत्र डेस्कटॉपच असतात, त्यामुळे ज्या यंत्राला कालबाह्य म्हणायचे त्याच्याच पुढ्यात बसून विद्यार्थी प्रॅक्टिकलची परीक्षा देतो. लॅपटॉप सोबत नेण्याची खरी गरज पुढे, तिसऱ्या-चौथ्या वर्षी निर्माण होते. गटाने करायचा प्रकल्प, परीक्षकांसमोरचे सादरीकरण आणि हॅकेथॉन (ठरावीक तासांत गटाने प्रोग्रॅम तयार करण्याची स्पर्धा) ही कामे एका जागी खिळलेल्या संगणकावर होत नाहीत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची सॉफ्टवेअर फेरीच सलग ३६ तास चालते आणि तिथे आपले यंत्र आपणच न्यायचे असते. हा मुद्दा सल्ल्याच्या बाजूने जातो. परंतु चौघांच्या गटात दोघांकडे लॅपटॉप असले तरी असे प्रसंग सहसा निभावतात, आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांच्या गरजेवरून चारही वर्षांचे यंत्र ठरवणे योग्य नाही.

यानंतर येतो ‘आय-७’. हा आकडा आपल्याकडे परीक्षेतल्या श्रेणीसारखा वाचला जातो, म्हणजे सात हा पाचापेक्षा वरचा आणि म्हणून नेहमीच चांगला. प्रत्यक्षात त्या आकड्यापेक्षा त्यानंतर येणारी संख्या आणि शेवटचे अक्षर अधिक सांगून जाते. इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय-७ १२५५यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. त्यात दहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनाभाग, असल्याची जाहिरात होते, पण त्यांपैकी दोनच पूर्ण ताकदीचे असून उरलेले आठ वीज वाचवणारे लहान कोअर आहेत, आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. त्याच पिढीतल्या आय-५ १२४०० या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये सहाही कोअर पूर्ण ताकदीचे आहेत आणि त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे. कामाचा झटका दोनचार सेकंदांचा असेल, उदाहरणार्थ एखादी फाइल उघडणे, तर दोघांत फरक जाणवणार नाही. काम अर्धा तास अखंड चालणारे असेल, म्हणजे मोठे सिम्युलेशन किंवा व्हिडिओचे रेंडरिंग, तर पातळ लॅपटॉप तापतो, स्वतःचा वेग उतरवतो आणि तिथे आय-५ चा डेस्कटॉप पुढे निघून जातो. लॅपटॉपमध्येही एच किंवा एचएक्स अक्षराचे, ४५ वॅट आणि त्याहून अधिक मर्यादेचे प्रोसेसर मिळतात हे खरे, पण ‘आय-७ घ्या’ एवढेच सांगणारा सल्ला हा भेद सांगत नाही, आणि दुकानदाराला तो सांगण्याची गरज वाटत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा मुद्दा सर्वांत महाग पडणारा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ‘जड सॉफ्टवेअर’ या दोन शब्दांत सगळ्या शाखा एकत्र कोंबल्या जातात. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याचे बहुतेक काम, म्हणजे प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेब आणि ॲप बनवणे, ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही. मोबाइल ॲप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (संगणकावरच चालणारा आभासी फोन) यांना हवी असते भरपूर रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, आणि वेगवान एसएसडी, म्हणजे साठवणीची चकती. तिथे ८ जीबीवर रडत बसण्यापेक्षा १६ जीबी घेणे कितीतरी उपयोगाचे, आणि गेमिंग लॅपटॉपच्या वाढीव किमतीचा काही भाग त्यासाठी पुरतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्याचे ऑटोकॅडमधले द्विमितीय आराखडे आजच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर व्यवस्थित चालतात. मेकॅनिकलचे सॉलिडवर्क्स त्रिमितीय असल्यामुळे कार्डाचा फायदा होतो, परंतु त्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणित यादीत व्यावसायिक वर्कस्टेशन कार्डे असतात. एन्व्हिडिया कंपनीची गेमिंगची जीफोर्स कार्डे तिच्यात बसत नाहीत. ती चालत नाहीत असे नव्हे, पण ज्या कारणासाठी ती घ्यायला सांगितली जातात ते कारण वाटते तितके भक्कम नाही. भार आणि ताण यांचे गणित करणाऱ्या ॲन्सिस या सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची मोफत आवृत्ती तर संरचनात्मक विश्लेषणाला १,२८,००० नोडची (मॉडेल ज्या बिंदूंत विभागले जाते त्यांची) मर्यादा घालते, त्यामुळे कार्ड कितीही मोठे असले तरी त्याहून मोठे गणित ती आवृत्ती सोडवतच नाही.

राहिले मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला माहितीवरून शिकवणे. इथे एन्व्हिडियाचे कार्ड उपयोगी पडते, कारण या क्षेत्रातली साधने कूडा या तिच्याच प्रणालीवर वाढली आहेत. परंतु पालकांच्या अंदाजपत्रकात बसणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा २०५० किंवा ३०५० हे कार्ड ४ जीबी स्मृतीसह मिळते, आणि आजची मध्यम आकाराची मॉडेलसुद्धा तेवढ्या जागेत मावत नाहीत. गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर टी-४ हे १६ जीबीचे कार्ड मर्यादित वेळेसाठी फुकट वापरता येते, तशाच कॅगल या सेवेवर आठवड्याला सुमारे ३० तास मिळतात, आणि या दोन्हींसाठी साधा संगणक आणि बरे इंटरनेट पुरते. आणखी एक गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही. एकाच नावाचे कार्ड डेस्कटॉपमध्ये आणि लॅपटॉपमध्ये सारखे नसते. ४०६० हे कार्ड डेस्कटॉपमध्ये ११५ वॅटवर चालते, तर लॅपटॉपमध्ये त्याला निर्मात्याच्या मर्जीनुसार ३५ ते ११५ वॅट मिळतात. ४०९० या कार्डात तर डेस्कटॉपला २४ जीबी आणि लॅपटॉपला १६ जीबी स्मृती असून आतली चिपही वेगळी आहे. आणि चार्जर काढताच गेमिंग लॅपटॉपचा वेग बराच घटतो, कारण बॅटरी कार्डाला तेवढी वीज पुरवू शकत नाही. ज्या कामासाठी तो घेतला ते काम मग भिंतीतल्या सॉकेटजवळ बसूनच करावे लागते, आणि अडॅप्टरसह तीन किलोंच्या घरातले वजन पाठीवर वागवण्याचे प्रयोजन उरत नाही. मुलाला खेळांसाठी तो हवा असेल तर तसे उघड सांगून घ्यावा. त्यात गैर काही नाही, फक्त अभ्यासक्रमाचे नाव पुढे करू नये.

खर्चाबद्दल सल्ला अर्धा बरोबर आहे. कॅबिनेटची किंमत पाहून हुरळणाऱ्याला पुढे मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि ऑनलाइन चाचण्यांसाठी वेबकॅम घ्यावा लागतो. स्वस्त मदरबोर्डवर वायफायही नसते, ते वेगळे बसवावे लागते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला संगणकही खालच्या किमतीच्या टप्प्यात साध्या लॅपटॉपच्या आसपास येऊन थांबतो. डेस्कटॉपची बचत पहिल्या दिवशी शोधणाऱ्याला ती सापडत नाही, कारण ती तिसऱ्या वर्षी दिसू लागते. त्यातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग, गेला तर तेवढाच बदलतो. रॅम कमी पडली तर दुसरी पट्टी बसते, आणि पाच-सहा वर्षांनी प्रोसेसर व मदरबोर्ड बदलले तरी मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅबिनेट तसेच कामात राहतात. लॅपटॉपचा हिंज तुटला, कीबोर्डवर चहा सांडला किंवा बॅटरी फुगली, की दुरुस्ती निर्मात्याच्या सेवा केंद्राच्या दरावर आणि भागाच्या उपलब्धतेवर जाते, आणि त्याची मूळ वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची असते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असल्यामुळे आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवू, हा बेतही फसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्यामुळे ‘पुढे वाढवू’ हे वाक्य डेस्कटॉपवाल्यालाही पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

विजेचा आक्षेप चटकन निकालात काढता येतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला ती दहा ते वीस मिनिटे तगवते. काम जतन करायला तेवढी पुरतात. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा) आहे का आणि त्यावरचे बटण यूपीएस मोडवर, म्हणजे वीज जाताच क्षणार्धात बदल करणाऱ्या स्थितीत, आहे का, एवढे पाहावे. ज्या गावात दुपारभर वीज नसते आणि इन्व्हर्टरही नाही, तिथे लॅपटॉपच घ्यावा. वीजबिलात, दिवसाला सहा तास वापर धरला, तर डेस्कटॉपमुळे महिन्याला दहाबारा युनिट जास्त पडतील.

हा सल्ला जिथे पूर्ण बरोबर ठरतो ती जागा म्हणजे बाहेरगावी राहणारा विद्यार्थी. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला एक कॉट, कपाटाचा एक कप्पा आणि भाग्यात असला तर अर्धा सॉकेट येतो. त्याने २४ इंची मॉनिटर ठेवायचा कुठे, हा प्रश्न डेस्कटॉपच्या कोणत्याही समर्थकाला सोडवता येणार नाही. वसतिगृहाची खोली वर्षाअखेर रिकामी करावी लागते, अभ्यास बराचसा ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत होतो, आणि सुटीत गावी जाताना काम सोबत न्यायचे असते. अशा मुलासाठी दीड किलोच्या आसपासचा, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा, स्वतंत्र कार्ड नसलेला लॅपटॉप चारही वर्षे पुरतो. खोलीत टेबल मिळालेच तर त्याला एक मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड जोडावा, म्हणजे तासन् तास मान खाली घालून बसावे लागत नाही.

उलट टोकाला जाऊन जुना डेस्कटॉप घेणाऱ्यांनाही एक सूचना दिली पाहिजे. कार्यालयांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे, संगणक फार स्वस्तात मिळतात, पण त्यांत आय-५ हे नाव दाखवून चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विकला जातो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तर हे यंत्र अजूनही कामाचे आहे. नसेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नये.

शेवटचा दावा प्रवेश मिळताच खरेदी करण्याचा. कॅपच्या एका फेरीत मिळालेली जागा स्वीकारून बेटरमेंटचा, म्हणजे अधिक चांगल्या जागेची वाट पाहण्याचा, पर्याय ठेवला, तर पुढच्या फेरीत कॉलेज, शाखा आणि शहर ही तिन्ही बदलू शकतात, आणि वसतिगृहात जागा मिळाली की नाही हे त्याहून नंतर कळते. म्हणजे खरेदी ज्यावर ठरायला हवी त्या सगळ्या गोष्टी त्या दिवशी अनिश्चित असतात. पहिल्या सत्रातल्या सी किंवा पायथनच्या सरावाला घरातला जुना संगणक आणि कॉलेजची प्रयोगशाळा पुरते, आणि मधल्या काळात दसरा-दिवाळीच्या सवलतीही येतात. तोवर विभागातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना आणि प्रयोगशाळा साहाय्यकांना विचारून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करावी, आणि त्यांपैकी कशाचा परवाना कॉलेजकडे आहे तेही विचारावे. सॉलिडवर्क्स आणि इमारतींच्या आराखड्यांचे रेव्हिट विंडोजवरच चालतात, त्यामुळे मेकॅनिकल किंवा सिव्हिलला जाणाऱ्याने मॅकबुक घेण्यापूर्वी ही यादी निश्चितच पाहावी.