जहाजाच्या लाकडांचे घर : एका लोकप्रिय समजुतीचा प्रतिवाद

इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या जुन्या फार्महाऊसविषयी एक विधान सर्रास ऐकू येते. ही घरे मोडीत काढलेल्या जहाजांच्या, त्यातही १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या, लाकडांतून उभारली, असे ते विधान आहे. वाकड्या तुळया, त्यांतील रिकाम्या खाचा आणि कोरलेल्या खुणा हा त्याचा पुरावा मानला जातो.

आरमाराचा दावा कालगणनेतच कोसळतो. केंटमधून हलवून ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयात पुन्हा उभारलेले ‘बे-लीफ’ हे फार्महाऊस मुळात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. शिवाय हेरफर्डशायर, श्रॉपशायर यांसारख्या समुद्रापासून दूरच्या परगण्यांतही अशी घरे विपुल आहेत. जवळच्या रानात ओक उभा असताना अवजड तुळया खराब रस्त्यांवरून आत ओढून आणण्याचे कारण काय?

वाकड्या लाकडांसाठी जहाजाची गरज नाही. सुतार आधारासाठी नैसर्गिक बाक असलेली झाडे मुद्दाम निवडत आणि ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. घर उभे राहिल्यावर ते लाकूड आकसे, पिळे, वाके.

खाचांचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. काही तुळया खरोखरच दुसऱ्यांदा वापरलेल्या असतात, पण बहुधा एखाद्या जुन्या घराच्या किंवा कोठाराच्या. इतर खाचा त्याच घराच्या इतिहासाच्या असतात : काढून टाकलेल्या आडभिंतीच्या, कुडाच्या काठ्यांच्या, किंवा काचेपूर्वीच्या खिडक्यांतील उभ्या लाकडी गजांच्या. खुणांचे म्हणाल, तर ते बहुतेक रोमन आकडे असतात. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून, सुटा करून, मग जागेवर उभारला जाई, तेव्हा कोणता कुसू (तुळईचे खाचेत शिरणारे टोक) कोणत्या खाचेत बसवायचा हे त्यांवरून कळे.

जहाजाच्या लाकडांतून कधीच काही बांधले गेले नाही, असे नव्हे. हॅम्पशायरमधील विकम येथील गिरणी १८२० मध्ये ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडांतून बांधली गेली, तर लंडनच्या ‘लिबर्टी’ दुकानाच्या १९२० च्या दशकातील इमारतीसाठी ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ ही जहाजे मोडली गेली. तेथे जहाजांची नावे ठाऊक आहेत. फार्महाऊसच्या कथेत मात्र जहाज बहुधा निनावीच असते.