कपाटातल्या लाल गोळ्या

गेल्या वर्षी वहिनीला सहावा महिना चालू होता, तेव्हा तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.२ आलं. गरोदरपणी ते ११च्या खाली जाता कामा नये, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कपाट उघडलं तर रक्तवाढीच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा! मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, म्हणून घाबरून तिने त्या सोडल्या होत्या. त्यात आईचं आपलं एकच, "गुळयो घेतल्यार भुरगें काळें जातलें." म्हणजे गोळ्या घेतल्या तर मूल काळं होईल.

तपासणीच्या वेळी गोळी रोज घ्यायची असं सांगितलं होतं. पण रांगेतल्या त्या दोन मिनिटांत वहिनी काय विचारणार?

मग अंगणवाडीची बाई घरी आली. वहिनीशी बोलायच्या आधी ती रांधपघरात आईजवळ जाऊन बसली. लोहामुळे शौच काळं होतं, त्याचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही, हे तिने शांतपणे पटवलं. गोळी रात्री जेवणानंतर, म्हणजे मळमळ कमी. चहा त्याच्या आसपास नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. तांबडी भाजी, नाचणी आपल्या घरातलीच, वर लिंबू पिळायचं. आईने तासभर शंका विचारल्या. दुसऱ्या रात्रीपासून वहिनीच्या हातावर गोळी ठेवायला आईच पुढे! दोन महिन्यांत आकडा साडेदहावर आला.

गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) इथल्या सुमारे ४१ टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळलं. इस्पितळ जवळ असून हे का होतं? कारण गोळी गिळायची की नाही, हे घरात ठरतं. देशात २००५ पासून गावोगावी आशा सेविका आल्या, गोव्यात मात्र त्या नाहीत. घरोघर जाण्याचं काम उपकेंद्राच्या नर्सबाईवर आणि अंगणवाडी सेविकेवर पडतं. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत वाडे दूर-दूर, बस मोजक्या. त्यातच लसीकरण, आहारवाटप, मुलांची वजनं आणि फोनवर रोजची माहिती भरणं.

माझं म्हणणं इतकंच, की घरी बसून बोलण्याला काम म्हणून मोजा, त्याचा वेळ द्या, प्रवासाचे पैसे द्या. नोंद झाली की नाही हे वरून विचारलं जातं, सासूला पटलं का हे कुणी विचारत नाही. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते ना, तिथे नवऱ्याला आणि सासूलाही बोलवा.