पहिलीतली कवायत आणि टेकॉंगची फेरी

२०२५च्या जूनमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्यातल्या शाळांत पहिलीपासून प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याचं जाहीर केलं आणि आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. कुणी म्हणालं, पोरांना शिस्त लागेल, देशप्रेम येईल. कुणी म्हणालं, सहा वर्षांच्या लेकरांना कसलं दाहिने मूड, बाएँ मूड? मी एवढंच लिहिलं, की कवायत शिकवल्यानं कुणी फौजेत जात नाही. त्यावर उत्तर आलं, "तू सिंगापुरात बसून आम्हाला शिकवू नकोस." हे वाक्य अजून टोचतंय.

मी साताऱ्याची. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. आमच्या साध्या मराठी शाळेतली मुलं भरती होत, आणि सुट्टीवर आली की एक दिवस घरी राहून दुसऱ्या दिवशी शाळेत येत. दोनदा नापास झालेला एक दादा असाच आला होता. गणिताच्या सरांच्या तो पाया पडला. ज्यांनी नापास केलं होतं त्याच सरांनी त्याला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी उभे राहिले. शौर्याचं तो काही बोललाच नाही. लेहला बादलीतलं पाणी कसं गोठतं, पगारातून घरावर स्लॅब कसा पडला, एवढंच सांगत होता. मागच्या बाकावरची तिघं त्याच्या बुटांकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर मारणाऱ्या पोरांत ती तिघंही होती. वर्गात वशिल्याशिवाय मान मिळालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. जिल्ह्यातल्या घराघरात फौज होतीच. अपशिंगे गावाला आम्ही आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या आठवणीचा दगड गावात आहे. अशा गावातल्या पोराला वेगळा तास कशाला लागतो? कर्नल संतोष महाडिक याच सैनिक शाळेचे. २०१५च्या नोव्हेंबरात ते कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या. दोन लहान मुलं पदरात असताना त्यांनी तयारी केली आणि २०१७ साली त्या लष्करात अधिकारी झाल्या. एका माणसामुळे दुसरं माणूस फौजेत जातं, असं मी ग्रुपवर लिहिलं. अंगठे आले, दोन.

मग मी सिंगापूरचं उदाहरण दिलं. इथे प्रायमरी वनच्या, म्हणजे पहिलीच्या मुलाला कुणी सावधान-विश्राम शिकवत नाही. एनसीसी सेकंडरीत, तीही सीसीए, म्हणजे अभ्यासाबाहेरचा उपक्रम म्हणून. पण रोज सकाळी झेंडा चढतो, मुठी छातीवर जातात. कँटीनमधला ट्रे प्रत्येक जण स्वतः उचलून ठेवतो. १५ फेब्रुवारीला शाळेत १९४२ साली इंग्रजांनी जपान्यांपुढे पत्करलेल्या शरणागतीची आठवण सांगतात. क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या भिंतींवर चोवीस हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत आपल्या पलटणींची कितीतरी. लेकाचा वर्ग तिथे गेला होता. घरी येऊन तो म्हणाला, "आई, इंडियन नावं खूप आहेत." आणि अठराव्या वर्षी इथले सगळे मुलगे फौजेत जातात, असं मी ठसक्यात लिहिलं.

ते जातात कारण कायदा आहे. १९६७पासून आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. माझा मुद्दा पडला असता.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. आम्ही पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना घेतला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्याला एनएस, म्हणजे ही सक्तीची लष्करी सेवा करावी लागणार हे आम्हाला माहीत होतं. ओळखीच्या दोन मराठी घरांनी मुलांना वेळेत परत पाठवलं. आम्हीही रात्री स्वयंपाकघरात बसून हिशेब केला होता. दोन वर्षं वाया जातील, हे शब्द माझ्या तोंडचे. हवालदाराच्या मुलीच्या.

आम्ही थांबलो. पासपोर्ट भारताचा, आणि शाळेत दहा वर्षं तो रोज म्हणत आला, 'आम्ही, सिंगापूरचे नागरिक'. घरी मी त्याच्याकडून 'भारत माझा देश आहे' पाठ करून घेतलं होतं. दोन्ही तो सारख्याच आवाजात म्हणायचा, आणि मला त्याची भीती वाटायची.

एनलिस्टमेंटच्या, म्हणजे भरतीच्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर फेरीबोटीनं टेकॉंगला, नव्या भरतीच्या प्रशिक्षणाच्या बेटावर गेलो. बंक दाखवले, कुकहाउसमध्ये जेवू घातलं. माझ्यासमोर बसून त्यानं माझ्या ताटातली कोबीसुद्धा संपवली. मग मुलांना उभं करून शपथ दिली. शेकडो आवाजांत मला त्याचा आवाज ओळखू आला. ही शपथ माझ्या देशाची नव्हती. तरी माझे डोळे भरून आले, आणि ते कशासाठी भरले हे मला आजही धड सांगता येत नाही. साताऱ्याच्या त्या वर्गात त्या दादाला बघताना घशाशी जे दाटलं होतं तेच होतं, एवढं नक्की. परतीच्या फेरीत शेजारची चिनी बाई काही न बोलता टिश्यूचं पाकीट माझ्या हातात ठेवून गेली.

तिकडे बसून शिकवू नकोस म्हणणाऱ्याला मला सांगायचं होतं, की माझं पोरही वर्दीत आहे. टाइप केलं आणि पुसलं. कुठली वर्दी, हे त्यानं विचारलं असतं.

बाबांना मात्र सांगावंच लागलं. ते ८१ वर्षांचे आहेत, कानानं कमी ऐकतात. मी दोनदा मोठ्यानं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, आता विचारतील, दुसऱ्याच्या फौजेत का?

"बूट नवे दिलेत का?" बाबांनी विचारलं. "चावतील. मोज्याच्या आत टाचेला खोबरेल लावायला सांग त्याला. आजच सांग."