खिडकी डावीकडे, ठणका उजवीकडे

माझी अर्धशिशी कुठलं कार्य चुकवत नाही. बारसं असो, मुंज असो, ही आधी हजर आणि कायम उजव्या बाजूला. पहाटे दूध-जिलेबी खाऊन झाली, सुंठेचा लेप झाला (कपाळ सोलवटलं, डोकं तसंच), शेवटी न्यूरोलॉजिस्ट म्हणाले आमच्याकडे मायग्रेनवाल्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह सोनोग्राफीने बघायचा अभ्यास चालू आहे, येता का, पैसे नाही पडणार. पैसे नाहीत म्हटल्यावर मी लगेच हो.

सोनोग्राफी पोटाची असते एवढंच मला ठाऊक. पण १९८२ मध्ये आस्लिड नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी दाखवून दिलं म्हणे की २ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड कवटीतूनही आत जातो, कानाच्या पुढे कानशिलाचं हाड पातळ असतं तिथून. त्या जागेला हे लोक विंडो म्हणतात.

टेक्निशियनने डावीकडे जेल थापून प्रोब टेकवला आणि स्पीकरमधून ओली चादर झटकल्यासारखा फटाक् फटाक् आवाज. "ही तुमची मिडल सेरेब्रल आर्टरी, मेंदूतली मोठी रक्तवाहिनी, ५८ सेंटीमीटर पर सेकंद, एकदम नॉर्मल." मी खुश, म्हटलं म्हणजे रक्त भरपूर जातंय तर. तो म्हणाला नाही हो, हा नुसता वेग, पाईपचं तोंड दाबलं तरी पाणी जोरातच उडतं ना, त्यामुळे वेग वाढला म्हणजे रक्त वाढलं की नळी आवळली ते यावरून कळत नाही. पूर्वी म्हणे रक्तवाहिन्या फुगतात म्हणून डोकं दुखतं असं मानायचे, आता तेवढं सोपं राहिलं नाही.

मग श्वास ३० सेकंद रोखायचा, कार्बन डायऑक्साइड वाढला की वेग वाढतो का बघायला. मी प्राणायामवाली, छाती भरून पूरक केला तर ओरडलाच, "साधा श्वास घ्या मॅडम, सगळं रीडिंग बिघडलं!"

आणि उजवीकडे? वीस मिनिटं प्रोब दाबून, फिरवून, केसांचं पार चिकट घरटं करून तो म्हणाला, "इकडे विंडोच नाहीये. काही जणांचं हाड जाड असतं, लेडीजमध्ये वय वाढलं की जास्त." वयाचं विचारलं नव्हतं मी.

"बरं, आता दुखत असतानाचं एक रीडिंग लागेल, गोळी न घेता या."

झालं, तीन आठवडे डोकं दुखेना. भर उन्हात तुळशीबाग पालथी घातली, दोन एकादश्या धरल्या (एक चुकून द्वादशीला), पुतण्याच्या वरातीत मुद्दाम डीजेच्या भिंतीला चिकटून उभी राहिले, काही नाही! जाऊबाई म्हणाल्या, "बघा, सुंठ लागू पडली."

शनिवारी रात्री अकराला ठणका सुरू झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे. खिडकीच्या बाजूला! आनंदाने फोन केला तर वॉचमन म्हणाला, लॅब आता डायरेक्ट सोमवारी.

गोळी घेतली.